हात कोणाचा, कोस कुठला?

१

साहित्य शिकवणाऱ्यांचा गणिताशी सहसा फारसा संबंध येत नाही. तरीही जुने गद्य शिकवताना आकडे वाटेत उभे राहतातच. बखरीत बिघे येतात, प्रवासवर्णनात कोस येतात, ताम्रपटात जमिनीच्या सीमा येतात, आणि विद्यार्थी विचारतात, "म्हणजे आजचे किती?" ह्या प्रश्नाला आम्ही वर्षानुवर्षे जे उत्तर देत आलो ते अगदीच चुकीचे नसले तरी पुरते प्रामाणिकही नव्हते, हे आम्हांला उशिरा कळले. प्रस्तुत लेख हा त्या उशिरा आलेल्या जाणिवेचा हिशेब आहे.

प्रसंग साधा आहे. आम्ही डोंबिवली परिसरात मराठीचे अध्यापन करणारे काही सहकारी. पदव्युत्तर वर्गासाठी विष्णुभट गोडसे ह्यांचे 'माझा प्रवास' शिकवताना आम्ही मिळून काही टिपणे तयार केली होती. ह्या पुस्तकाचे आमच्या भागाशी नातेही आहे. ते प्रथम प्रकाशात आणणारे भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य हे मूळचे कल्याणचे. गोडसे हे वैद्यांच्या घराण्याचे उपाध्ये. वैद्यांच्याच सांगण्यावरून त्यांनी १८५७ च्या धामधुमीत घडलेला आपला उत्तरेचा प्रवास लिहून काढला, आणि वैद्यांनी तो १९०७ साली संपादून छापला. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती येण्यास १९६६ साल उजाडावे लागले.

आमच्या टिपणांत 'कोस' ह्या शब्दापुढे आम्ही लिहिले होते : 'कोस = २ मैल = ३.२१८६८८ किलोमीटर'. दशांशचिन्हापुढचे ते सहा आकडे पाहून आमचे आम्हांलाच समाधान वाटले होते. वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण भटजींनी हे अंतर मोजलं कशानं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दशांशाच्या सहाव्या स्थानापर्यंतचा आमचा नेमकेपणा मैल आणि किलोमीटर ह्यांच्या नात्यातला होता. कोसाविषयी तो अक्षरही सांगत नव्हता. किलोमीटरचा एक दशलक्षांश भाग म्हणजे मिलिमीटर. पायी चाललेल्या एका भिक्षुकाच्या प्रवासाला आम्ही मिलिमीटरपर्यंतची खात्री बहाल केली होती!

२

कोसापासूनच आरंभ करू. हा शब्द संस्कृत 'क्रोश' ह्यापासून आला आणि 'क्रोश' हा 'क्रुश्' म्हणजे ओरडणे ह्या धातूपासून. 'आक्रोश' हा त्याच कुळातला. म्हणजे मुळात कोस हे लांबीचे माप नाही, हाकेचे माप आहे : जेथवर हाक ऐकू जाईल तेवढे अंतर. मोकळ्या माळावरची हाक आणि रानातली हाक सारखी पोचत नाही. तेव्हा ह्या मापाच्या जन्मातच स्थळ आणि काळ मिसळलेले आहेत.

पुढे शास्त्रकारांनी त्याला कोष्टकात बसवले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन असे कोष्टक आहे. म्हणजे एक क्रोश आठ हजार हातांचा. हात अठरा इंचांचा धरला तर क्रोश बारा हजार फुटांचा, म्हणजे सुमारे ३.६६ किलोमीटरचा होतो. 'आईने अकबरी'त कोस पाच हजार गजांचा सांगितला आहे. तो इलाही गज तेहतीस इंचांचा धरला तर कोस सुमारे ४.१९ किलोमीटर भरतो. आणि इंग्रजी अमदानीपासून रूढ झालेला 'दोन मैलांचा कोस' हा सरधोपट हिशेब घेतला तर ३.२२ किलोमीटर. ह्यांपैकी कोणतेही उत्तर खोटे नाही. फक्त ती एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत.

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. बोलींचा धडा शिकवताना ही म्हण आम्ही शेकडो वेळा वापरली असेल. ह्या बारा कोसांचे वरील तीन हिशेबांनी अनुक्रमे ४४, ५० आणि ३९ किलोमीटर होतात. लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या उत्तरात जवळजवळ बारा किलोमीटरांचे, म्हणजे डोंबिवली ते ठाणे ह्याहून थोडेसेच कमी अंतर पडते. बोली बदलते ती नेमकी कोठे, हे ह्या म्हणीला विचारायचेच नसते, हे उघड आहे. पण म्हणीतला कोस आणि प्रवासवर्णनातला कोस ह्यांत आपण वाटतो तेवढा फरक खरोखर असतो का, हा प्रश्न उरतो. अनोळखी मुलखातून पायी जाणाऱ्या वाटसरूने कोस मोजलेला नसतो, विचारलेला असतो. वाटेतला गुराखी, धर्मशाळेतला कोणी, पाणवठ्यावरची एखादी बाई सांगते, "दोन कोस राहिलं". आणि पुढे तेच आकडे आठवणीतून कागदावर उतरतात.

ह्याउलट एक उदाहरण आमच्या दाराशीच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. अंतर २१ मैल. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. हे २१ मैल म्हणजे ३३.८ किलोमीटर, आणि आजही ठाणे स्थानक मुंबईहून चौतीस किलोमीटरांवर आहे असे आपण म्हणतो. येथे रूपांतर म्हणजे निव्वळ गुणाकार, कारण गुण्य आणि गुणक दोहोंचीही लांबी कायद्याने ठरलेली, लोखंडी साखळीने मोजलेली. कल्याणला गाडी आल्यानंतर तीनच वर्षांनी, पेणजवळच्या वरसई गावातून गोडसे भटजी आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. एकाच दशकात, एकाच मुलखात दोन जातींची अंतरे नांदत होती : एक रुळांवर मोजलेले, दुसरे पायांनी अनुभवलेले. दोन्हींना एकाच गुणकाने गुणणे ही आमची चूक होती.

३

ह्या चुकीची किंमत केवळ तळटिपेपुरती असते असे कोणी म्हणेल. म्हणून ठाण्याशीच निगडित असलेला, आणि विद्वानांना शंभराहून अधिक वर्षे पुरलेला एक वाद येथे सांगावासा वाटतो.

ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना १७८७ साली ताम्रपट सापडला. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अरिकेसरीचा, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चा. 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात (१७८८) त्याचे भाषांतर प्रसिद्ध झाले. शिलाहार राजे आपल्या बिरुदांत स्वतःस तगरपुराचे स्वामी म्हणवीत. हे तगर कोणते? त्याच खंडात फ्रान्सिस विल्फर्ड ह्यांनी त्यावर लेख लिहिला आणि तगर म्हणजे देवगिरी असे मत मांडले.

तगरचा शोध घेण्यास आधार होता तो एका ग्रीक भाषेतील ग्रंथाचा. इ. स. च्या पहिल्या शतकात कोणा अनामिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदराला माल पुरवणारी दोन नगरे सांगितली आहेत : भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून आणला जाई, असेही तो सांगतो. त्या पाठोपाठच तो कल्याण बंदराचाही उल्लेख करतो. म्हणजे ठाण्याच्या ताम्रपटातले कोडे सोडवण्याची किल्ली कल्याणचे नाव नोंदवणाऱ्याच ग्रंथात होती.

किल्ली होती, पण ती फिरवायची कशी? 'दहा दिवसांची वाट' म्हणजे किती? येथे रूपांतराचा खेळ सुरू होतो. भगवानलाल इंद्रजींना तगर म्हणजे जुन्नर वाटले. रा. गो. भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवले. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट ह्यांनी तगर म्हणजे तेर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, मराठी वाचकांच्या ओळखीचे संत गोरा कुंभारांचे तेर, असे प्रतिपादन केले. तेच पुढे सर्वमान्य झाले.

आपण स्वतः हिशेब करून पाहू. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर आहे. ते वीस दिवसांत, म्हणजे दिवसाला सरळ रेषेत साडेसतरा किलोमीटर. ह्या वेगाने पैठणहून दहा दिवसांत १७५ किलोमीटर जाता यावे. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर, जमते. देवगिरी पैठणपासून पन्नासच किलोमीटरांवर, तेही उत्तरेस, जमत नाही. पण जुन्नर? ते पैठणपासून सुमारे १६० किलोमीटरांवर आहे, म्हणजे अंतराच्या कसोटीवर तेरहूनही किंचित सरस! फक्त ते पश्चिमेस आहे, आणि ग्रंथ पूर्वेस म्हणतो. तेरही नेमके पूर्वेस नाही, आग्नेयेस आहे. तेव्हा केवळ गुणाकार-भागाकारावर निकाल सोपवला असता तर तो जुन्नरच्या बाजूने लागण्याचा संभव होता. तेरचे पारडे जड झाले ते दिशा आणि अंतर ह्यांच्या मेळाने, नावाच्या साम्याने, आणि तेरच्या मातीतून निघालेल्या सातवाहनकालीन अवशेषांनी.

ह्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, प्राचीन लेखकाच्या आकड्यांतील प्रमाण हे त्याच्या परिमाणापेक्षा अधिक विश्वसनीय असते. 'दहा दिवस' म्हणजे किती किलोमीटर हे सांगणे कठीण. पण पैठण-तगर हे अंतर भडोच-पैठणच्या साधारण निम्मे, हे तो निश्चित सांगतो. दुसरी गोष्ट, रूपांतर हा पुराव्यांपैकी एक पुरावा असतो. तो निवाडा नव्हे.

दिवसांत अंतर सांगणारा तो व्यापारी आम्हांला मागासलेला वाटत असेल, तर आपण स्वतःकडे पाहावे. डोंबिवलीतल्या कोणालाही विचारा, ठाणे किती लांब आहे? चौदा किलोमीटर असे उत्तर क्वचितच येईल. उत्तर येते, "फास्टने पंधरा-वीस मिनिटं." ह्या वाक्याचा दोन हजार वर्षांनंतरचा संपादक काय करील? त्याला 'फास्ट' आणि 'स्लो' ह्यांतला भेद ठाऊक नसेल, दिव्याजवळ गाडी थांबून राहणे हा काय प्रकार असतो हे ठाऊक नसेल, तर त्याने काढलेले किलोमीटर दशांशापर्यंत नेमके असूनही निरर्थक ठरतील.

४

आता हाताकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वाचलेली असते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिल्या गेलेल्या ह्या बखरीत शिवकालीन जमीनमोजणीचे माप दिले आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. हात व मुठी मिळून काठीची लांबी ब्याऐंशी तसू. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो एक बिघा. आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. ज्याला निव्वळ वीरकथा वाचायची आहे तो हा मजकूर ओलांडून पुढे जातो. आम्हीही जात होतो.

वरील प्रसंगानंतर आम्ही वर्गात थांबलो. प्रथम आकड्यांची आपसांत पडताळणी केली. पाच हात म्हणजे सत्तर तसू. मग पाच मुठींना उरले बारा तसू, म्हणजे एक मूठ २.४ तसूंची. हा अपूर्णांक कोठून आला? जुन्या परंपरेत हात चोवीस अंगुळांचा आणि मूठ चार अंगुळांची, म्हणजे सहा मुठींचा एक हात. त्या प्रमाणाने चौदा तसूंच्या हातातली एक मूठ २.३३ तसूंची, आणि पाच मुठी ११.६७ तसूंच्या. सत्तरात ते मिळवले की ८१.६७, पूर्णांकात ब्याऐंशी. हे आमचे अनुमान आहे, पण ते इतके सहज जुळते की सभासदाचे आकडे ऐकीव नसून हिशेबी माणसाचे आहेत असा विश्वास त्यातून वाटू लागतो.

पुढची पायरी म्हणजे फुटांत रूपांतर. येथे वाट दुभंगते. मुंबईच्या बाजारात पुढील काळी प्रचलित असलेल्या मापांप्रमाणे गज सत्तावीस इंचांचा आणि त्याचे चोवीस तसू. म्हणजे एक तसू सव्वा इंचाहून किंचित कमी, नेमके सांगायचे तर १.१२५ इंच. हा तसू सभासदाला लावला तर काठी ७ फूट ८ इंचांची होते, बिघा सुमारे २१.७ गुंठ्यांचा, आणि चावर ६५ एकरांचा. पण ह्याच मुंबईच्या मापात हात सोळा तसूंचा, म्हणजे अठरा इंचांचा आहे; सभासदाचा हात मात्र चौदा तसूंचा. मग दोघांचा तसू एकच कशावरून? समजा तसू वेगळा, पण हात तोच अठरा इंचांचा. तर काठी ८ फूट ९ इंचांहून किंचित अधिक, बिघा सुमारे २८.४ गुंठ्यांचा, आणि चावर ८५ एकरांचा.

एकाच वाक्याची दोन वाचने, आणि मध्ये वीस एकर जमीन. ही जमीन कोठल्याही सातबाऱ्यावर नाही; ती तळटिपेत आहे. पण एखाद्या गावाला इनाम मिळालेल्या चावरांवरून त्याच्या शेतीचा, धान्याचा, लोकसंख्येचा अंदाज कोणी बांधू लागला, की ही वीस एकरांची चूक चावरागणिक वाढत जाते. लहान लांबीतला फरक क्षेत्रात वर्गाने वाढतो, ही शाळेत शिकलेली गोष्ट येथे इतिहासाच्या मुळाशी येते.

कोणते वाचन घ्यावे? आम्ही विद्यार्थ्यांना फूटपट्टी घेऊन आपापला हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि आपापली मूठ मोजायला सांगितली. दोघांचे हात सारखे भरले नाहीत. तरी पहिल्या हिशेबातला पावणेसोळा इंचांचा हात वर्गाला आखूड वाटला, आणि अठरा इंचांचा हात पटण्याजोगा. मुठीच्या बाबतीतही पहिल्या हिशेबाचे २.७ इंच अपुरे वाटले, दुसऱ्याचे ३.१ इंच अधिक जवळचे. त्यामुळे आमचा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे. परंतु ही शरीराची साक्ष आहे. सरकारी काठीची नव्हे, हे विसरता येत नाही.

आणि सभासदाच्या मजकुरातील महत्त्वाची गोष्ट नेमकी ह्याच ठिकाणी आहे असे आम्हांस वाटते. हात चौदा तसूंचा असावा, असे सांगण्याची गरज का पडली? कारण हात हा कोणाचाही हात असू शकत होता : पाटलाचा, मोजणीदाराचा, कुळाचा. आखूड हाताने मोजले की शेत कागदावर मोठे होते आणि सारा वाढतो. लांब हाताने मोजले की शेत लहान होते. हाताची लांबी ठरवून देणे म्हणजे मोजणाऱ्याच्या देहापासून माप सोडवणे आणि ते राज्याकडे घेणे होय. 'हात' हा शब्द तोच राहिला. पण त्या दिवसापासून तो कोणाचाच हात उरला नाही. फुटांत भाषांतर करण्याच्या घाईत आपण हे वाक्य वाचायचेच राहून जातो.

५

माप राज्याकडे गेले की पुढच्या राज्याने ते आपल्या मापात बसवून घेणे ओघानेच येते. कोसाचा हिशेब करताना आम्ही इलाही गज तेहतीस इंचांचा धरला. हा तेहतीस इंच अकबराने सांगितलेला नव्हे. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या भरणाऱ्या गजातून इंग्रजी अंमलदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती लांबी निश्चित केली. त्यात एक सोय होती. साठ गज लांब व साठ गज रुंद असा बिघा घेतला, तर तेहतीस इंचांच्या गजाने तो बरोबर ३०२५ चौरस वार, म्हणजे एकराच्या पाच अष्टमांश होतो. रूपांतर करणाऱ्याने जुने माप आपल्या मापात नीट बसेल असे कापून घेतले, आणि आज आपण त्याच कापलेल्या गजाने अकबराचा कोस मोजतो. आमचे ४.१९ किलोमीटर हे उत्तर अर्धे अकबराचे आणि अर्धे कंपनी सरकारचे आहे.

मुंबई इलाख्यात ह्याच पद्धतीतून आलेले माप म्हणजे आपला गुंठा. तेहतीस फुटांची साखळी, तिच्या एका चौरसाचा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट; चाळीस गुंठ्यांचा एकर. तेहतीस फूट म्हणजे इंग्लंडातील एडमंड गुंटर ह्याच्या सहासष्ट फुटी साखळीच्या निम्मे. गुंठ्याचे सोळा आणेही पाडलेले असत. म्हणजे विलायती साखळी, देशी नाव आणि रुपयाचे भाग, असे तीन कुळांचे हे माप. तरी ठाणे-कल्याणच्या कोणत्याही गावात आज गुंठा हा शब्द परका वाटत नाही. बिघा आणि चावर मात्र परके झाले.

१९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धती आली, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिले जाऊ लागले. बोलण्यातला गुंठा मात्र गेला नाही. त्यातून एक नवे समीकरण रूढ झाले : एक आर म्हणजे एक गुंठा. वस्तुतः आर म्हणजे शंभर चौरस मीटर, १०७६.४ चौरस फूट. गुंठा त्याहून सुमारे साडेबारा चौरस फुटांनी मोठा. एका गुंठ्यात हा फरक चटईएवढा. पण चाळीस आरांना एक एकर म्हटले की सुमारे ५०४ चौरस फूट कमी पडतात. डोंबिवलीत एवढ्या जागेत एक कुटुंब संसार करते. येथे दोन्ही मापे कायद्याने पक्की आहेत, गुणक निश्चित आहे, तरीही घाईच्या भाषांतराने चूक होते. मग जेथे गुणकच अनिश्चित आहे तेथे किती सावध असावे!

६

विद्यार्थ्यांनी, आणि जुनी संहिता संपादणाऱ्या आम्हां शिक्षकांनी, ह्यातून काय घ्यावे? आमच्यापुरते आम्ही काही संकेत ठरवले आहेत.

संहितेतील मूळ माप कधीही बदलू नये. रूपांतर तळटिपेत द्यावे. रूपांतर देताना कोणता हात, कोणता गज, कोणता कोस धरला हे सांगावे, कारण हे न सांगता दिलेला आकडा तपासता येत नाही. मूळ लेखकाने जेवढ्या खात्रीने सांगितले असेल त्याहून अधिक खात्री आपल्या आकड्यात नसावी. भटजींनी कोस सांगितले असतील तर आपण किलोमीटरच्या पूर्णांकावर, शक्य तर 'अमुक ते अमुक' असे म्हणून थांबावे. एकाच लेखकाची मापे परस्परांशी ताडून पाहावीत. त्याचा हात ठाऊक नसला तरी त्याच्या हाताची त्याच्याच मुठीशी गाठ घालता येते. आणि माप हे मोजलेले आहे, विचारलेले आहे की हुकुमाने ठरवलेले आहे, ह्याचा विचार आकडेमोडीच्या आधी करावा. हा शेवटचा प्रश्न गणिताचा नाही. वक्ता कोण, प्रसंग कोणता, शब्द कोणासाठी, हे साहित्याचे जे नेहमीचे प्रश्न, त्यांचेच ते एक रूप आहे. म्हणूनच ते काम गणितज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्यावर रूपांतर न करणेच बरे. तसे आम्हांस वाटत नाही. 'कोस' ह्या शब्दापुढे काहीच न लिहिणे म्हणजे विद्यार्थ्याला अंधारात ठेवणे. आजच्या वाचकाला अंतराचा अंदाज यायलाच हवा. त्याशिवाय त्या चालण्याची दगदग, दिवसाचा टप्पा, मुक्कामांची निवड ह्यांतले काहीच त्याला कळणार नाही. 'माझा प्रवास' आपल्यापर्यंत पोचले तेही प्रथम वैद्यांनी आपल्या काळाच्या वाचकासाठी संपादून दिले म्हणून, आणि मूळ मजकूर जपला गेल्यामुळे पोतदारांना पुन्हा मुळाकडे जाता आले म्हणून. मापांच्या बाबतीतही दोन्ही हवे : वाचकापर्यंत पोचवणारा अंदाज, आणि परत मुळाकडे जाण्याची मोकळी वाट.

आमच्या टिपणांतील ती ओळ आम्ही खोडली. तिच्या जागी आता असे आहे : 'कोस : मूळ अर्थ हाकेचे अंतर. निरनिराळ्या हिशेबांनी सुमारे तीन ते सव्वाचार किलोमीटर. येथे पायी प्रवाशाने सांगितलेले अंतर आहे. ते मोजणीचे मानू नये.' टीप लांबली आहे, दशांशचिन्ह गेले आहे. "मोजलं कशानं?" ह्या प्रश्नाला तिच्यात निदान जागा आहे. ती विद्यार्थिनी पुढे शिक्षिका झाली. तिच्या वर्गातही हा प्रश्न कोणीतरी विचारावा, एवढीच आमची इच्छा आहे.